पहिली खेप

आपण कधीच न खाल्लेला पदार्थ नीट झालाय, हे ओळखायचं कशावरून? रोजची आमटी जरा बिनसली तर जीभ लगेच सांगते, कारण तिच्यापाशी आईच्या, आजीच्या आमटीची आठवण असते. पुस्तकात वाचून पहिल्यांदा केलेल्या पदार्थाची अशी आठवण घरात कुणापाशीच नसते. करणारीपाशी नाही, खाणाऱ्यांपाशी नाही. असतात ते फक्त शब्द, कुणा अनोळखी बाईनं आपल्या चुलीपाशी उभं राहून जे केलं त्याचे. त्या शब्दांवर भरवसा ठेवून मी कढई तापवते, तेव्हा मला त्या बाईचा हात जवळ असल्यासारखा वाटतो.

माझ्याकडच्या जुन्या पुस्तकांत चित्रं नाहीत. त्यामुळे लिहिणारीला डोळ्यांचं, नाकाचं, कानाचं सगळं शब्दांतच सांगावं लागलंय. रवा बदामी रंगावर आणा, पीठ सरसरीत भिजवा, डाळ बोटचेपी झाली की उतरवा, मसाल्याला तेल सुटेपर्यंत परता. यात घड्याळ जवळजवळ नाहीच. आणि ते बरं आहे. तिची चूल वेगळी, माझा गॅस वेगळा, तिचं जाड बुडाचं पातेलं वेगळं. मिनिटं सांगून काय कळणार? मसाल्याला तेल सुटणं मात्र सांगलीत दिसतं तसंच आमच्या सोलापुरातही दिसतं.

मापांचंही तसंच. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं. त्याआधीच्या पुस्तकांत शेर, पावशेर, नवटाक, तोळे. १९५६च्या कायद्यानंतर मेट्रिक मापं हळूहळू बाजारात आली, दुकानातून शेर गेला आणि किलो बसला. पण स्वयंपाकघरातल्या बायकांचे हात अजून शेराच्याच हिशेबात होते. कमलाबाईंनी दोन्ही बाजूला ठेवून वाटी आणि चमचा धरला. घराघरातली वाटी निराळी, हे खरंच. पण एका पदार्थाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच वाटी वापरली की प्रमाण आपोआप जुळतं, आणि पदार्थाचा जीव वजनात नसतो, प्रमाणात असतो. दोन माणसांच्या घरानं लहान वाटी घ्यावी, दहांच्या घरानं मोठी. नुकतं लग्न होऊन परगावी, परदेशी गेलेल्या किती मुलींच्या सामानात हे पुस्तक होतं! जवळ विचारायला कुणी नसताना त्या वाटीनं त्यांना सांभाळलं. मला हे काम फार मोठं वाटतं. लेखिकांची नावं घेताना कमलाबाईंचं नाव आपण सहसा घेत नाही, ते घ्यायला हवं.

आमचं घर कुटाचं. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, आमटीतही कूट. ज्वारीची भाकरी, काळं तिखट आणि शेंगांची चटणी एवढ्यावर माझे सासरे, अण्णा, आनंदानं जेवतात. ओला नारळ आमच्याकडे देवापुढे फुटतो आणि प्रसादात संपतो. अशा घरात मी वालाचं बिरडं करायचं ठरवलं. पुस्तकात वाचलेलं, कधी न खाल्लेलं. कायस्थ प्रभूंच्या घरांत आणि सगळ्या रायगड-ठाणे भागात त्याचं केवढं प्रेम, हे ऐकून होते. कडवे वाल आमच्या बाजारात सहजी मिळत नाहीत. पेणला राहणाऱ्या नणंदेनं येताना आणून दिले.

वाल भिजवायचे, उपसून फडक्यात बांधून ठेवायचे, मोड काढायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. हे सोलणं एकट्या माणसाचं कामच नाही, हे पुस्तकात कुठं लिहिलेलं नव्हतं. परात पुढ्यात आल्यावर समजलं. मी सोलत बसले, मग सासूबाई, म्हणजे आई, येऊन बसल्या, त्यांच्या मागून मुलगी. वाल चिमटीत धरून दाबला की साल मागे राहते आणि आतला दाणा सुळकन पुढे उडतो. मुलाला तो उडणारा दाणाच आवडला, म्हणून तोही बसला. अण्णा टीव्हीसमोरून उठून आले आणि म्हणाले, “मला पण द्या की चार.” त्या दुपारी परातीभोवती जेवढं बोलणं झालं तेवढं आमच्याकडे दिवाळीच्या फराळालाही होत नाही. तेव्हा वाटलं, ज्या घरांत बिरडं वारंवार होतं त्या घरांच्या कितीतरी गोष्टी अशा सोलताना बोलल्या गेल्या असतील. पदार्थ करताना त्या घराची चव कळते, तशी त्या घराची दुपारही कळते.

फोडणी झाली, वाल शिजत आले, आमसूल पडलं, गुळाचा खडा पडला. आईंनी कुटाचा डबा पुढे केला. “आता घालू ना गं?”

“नको आई. पहिल्या खेपेला पुस्तकात आहे तसंच करू.”

त्यांनी डबा परत ठेवला, पण त्यांना ते पटलं नव्हतं. मी मात्र या बाबतीत हट्टी आहे. कुणाच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलं की आपण वाढलेलं तसंच खातो. वरून आपल्या पिशवीतला मसाला काढून भुरभुरत नाही. पुस्तकातला पदार्थही दुसऱ्याच्या घरचा. पहिल्या खेपेला त्याला त्याच्याच पद्धतीनं होऊ द्यावं. ओलं खोबरं म्हटलंय तर ओलंच, गूळ किंचित म्हटलाय तर किंचितच, लसूण नाही म्हटलं तर नाही. दुसऱ्या खेपेला मग तो आपल्या घरी आलेला असतो, तेव्हा आपल्या रीतीनं पाहुणचार करावा. हल्ली ‘आमच्याकडे असं चालत नाही’ म्हणून पहिल्याच खेपेला निम्मी पाककृती बदलतात आणि पदार्थात काही विशेष नाही असं सांगतात. त्यांना तो पदार्थ भेटलेलाच नसतो.

वालांचा तो हलका कडवटपणा ओल्या खोबऱ्यात आणि आमसुलात मुरून निराळाच झाला होता. अण्णांनी भाकरीशी खाल्लं आणि म्हणाले, “कडू असून गोड लागतंय.” आईंनी भातावर दुसऱ्यांदा घेतलं. कुटाबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही.

या पुस्तकांनी महाराष्ट्रात केवढं काम केलंय, ते थोडं मागं जाऊन पाहिलं की कळतं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५चं. पुढे लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ आलं, त्याच्या नावातच हजार पाकक्रियांचा वायदा होता. मुंबईच्या सारस्वत महिला समाजानं ‘रसचंद्रिका’ काढलं. ही पुस्तकं आली त्या काळात स्वयंपाकघर ही घरातली सगळ्यांत बंद जागा होती. सोवळं-ओवळं, जात, पंगत. शेजारणीला दुसरीच्या चुलीपर्यंत जाता येत नसे. एका आळीत शंभर वर्षं राहूनही एकमेकींच्या घरची आमटी माहीत नसायची. छापील पान मात्र कुणाच्याही हाती पडू शकत होतं. चुलीपाशी जायला जी मुभा नव्हती ती पानानं दिली. देशावरच्या बाईनं तिरफळाचा वास घेतला तो आधी कागदावर.

तिरफळ मी स्वतः हातात घेतलं ते गोव्याहून आणवून. वाळलेलं, उघडलेल्या तोंडाचं, आत काळा चमकदार दाणा. तो दाणा काढून टाकायचा आणि साल जराशी ठेचून बांगड्याच्या हुमणात सोडायची, वाटायची नाही. आमच्याकडे मासा म्हणजे उजनी धरणाचा, गोड्या पाण्यातला. बांगडा बर्फातून येतो, तो ताजा मिळेल त्या दिवसाची वाट पाहिली. जेवताना नवऱ्यानं तिरफळ चुकून चावलं आणि घास थांबवून म्हणाला, “जिभेला मुंग्या आल्या.” चीनच्या सिचुआन प्रांतात जी मिरी वापरतात ती याच कुळातली, तिचाही गुण हाच. मुलांना ती गोष्ट इतकी आवडली की दोघांनी मुद्दाम एकेक साल चावून पाहिली.

सगळेच पदार्थ असे हात धरून ठेवत नाहीत. काही एकदा होतात आणि आम्ही प्रेमानं त्यांना निरोप देतो.

फुणके राहिले. खानदेशातला हा पदार्थ मी वाचला तेव्हा त्याच्या साधेपणानंच मला ओढलं. तुरीची डाळ भिजवून जाडसर वाटायची, त्यात लसूण, मिरची, कोथिंबीर, कांदा, मीठ. मुटके वळून वाफवायचे, कढीबरोबर खायचे. तळण नाही, वाटणाचा पसारा नाही. पण झाले ते बरोबर आहेत का, हा प्रश्न पुन्हा आलाच. आमच्या वरच्या मजल्यावर जळगावकडच्या एक काकू राहतात. त्यांना ताटली नेऊन दिली. त्यांनी उभ्याउभ्याच फुणका बोटांनी कुस्करला, घरातून कच्च्या तेलाची धार आणून त्यावर सोडली, आणि मग तोंडात घातला. तेल पुस्तकात नव्हतं, किंवा असेल तर इतक्या ठामपणे नव्हतं. “माझ्या आईकडे यात लसूण डबल,” त्या म्हणाल्या, “सासरी कमी. तुमचा सासरच्यासारखा झालाय.” मग त्या माझ्याच स्वयंपाकघरात येऊन बसल्या आणि वरण-बट्टी, कळण्याची भाकरी, डुबुकवडे असं कितीतरी सांगत राहिल्या. सोलापुरात येऊन त्यांना पुष्कळ वर्षं झाली होती. त्यांच्या गावचं खाणं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. आमच्या या गावात मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही भाषांत चुली पेटतात. इथं राहणाऱ्या माणसाला तर शेजारच्या चुलीची जास्तच ओढ हवी.

शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ मी वाचलं तेव्हा माझ्या या हट्टाचीच कसोटी लागली. २०१५चं हे पुस्तक मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीचं आहे. आधीच्या जवळजवळ दीडशे वर्षांत छापल्या गेलेल्या हजारो पाककृतींत ज्यांची चूल आलीच नाही, त्यांची ही चूल. तेलातुपाची चैन इथं नाही. वाट्याला आलेलं, गोळा केलेलं, वाळवून पुरवलेलं अन्न आहे, आणि त्यातून चव काढणारे हात आहेत. पहिल्या खेपेला पुस्तकाप्रमाणेच करायचं, हा माझा नेम इथं कसा पाळणार? या पदार्थांत पहिला जिन्नस टंचाई आहे आणि ती माझ्या भरलेल्या फळीवर नाही. ती नसताना केलेला पदार्थ म्हणजे नुसती चवीची हौस झाली असती. म्हणून मी ते पुस्तक रात्रीच्या जेवणानंतर घरात वाचून दाखवलं. ज्या चुलीपाशी आपल्याला बोलावलेलं नाही तिथं निदान ऐकायला बसावं, असं मला वाटलं.

वाचताना अण्णा मध्येच बोलू लागले. बहात्तरचा दुष्काळ, सांगोल्याकडचं गाव, आईबरोबर खडी फोडायला जाणं, कामावर मिळणारी सुकडी, रेशनला आलेली लाल मिलो ज्वारी. “तिची भाकरी थापता येईना. तुटायची. आई मग पाण्याला उकळी आणून त्यात पीठ घालायची, तेव्हा कुठं जुळायची.” हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आईंनाही सगळं माहीत नव्हतं. मुलीनं विचारलं, मिलो कशी लागायची? अण्णा जरा थांबले आणि म्हणाले की तेव्हा भूकच इतकी असायची, चव ध्यानात राहिली नाही, रंग राहिला. आणि लगेच पुढे म्हणाले, “वाच तू. पुढं वाच.” ते पुस्तक आम्ही बरेच दिवस पुरवून वाचलं. त्यातला एकही पदार्थ मी केलेला नाही, तरी माझ्या फडताळात ते पाककृतींच्याच पुस्तकांत ठेवलंय, ‘रुचिरा’शेजारी. त्याची जागा तीच आहे.

आता मुलीनं सांदणांचं मनावर घेतलंय. बरक्या फणसाचा रस, तांदळाचा रवा, गूळ. एवढंच, आणि वाफ. पुस्तक तिनं स्वतः उघडून काढलंय. साचा आमच्याकडे नाही, तर छोट्या वाट्यांना तूप लावून त्यांत लावायचं असं आईंनी सुचवलंय. फणस कोकणातून येणाऱ्या ओळखीच्या माणसाला सांगून ठेवलाय. तो कापा देईल आणि फसगत होईल म्हणून अण्णांनी दोनदा फोन करून बरकाच हवा असं बजावलंय. आईंचा विचार वरून वेलदोडा नि काजू घालायचा आहे. मुलगी ऐकत नाही. ते सगळं दुसऱ्या खेपेला, असं तिनं आजीला सांगून टाकलंय.