आमच्या लॅपटॉपचें दुखणें

वाचकहो, ज्या यंत्राची हकीकत आम्ही सांगणार आहों, तें आमच्या रत्नागिरीच्या घरांत १२ जुलै २०२३ रोजीं आलें. किंमत ४६,००० रुपये. पैकीं निम्म्याहून अधिक रक्कम आईच्या भिशीची. यंत्र घेतलें ताईच्या अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठीं. आम्हांस त्याचा लाभ ती झोंपल्यावर मिळे, आणि आमचे कनिष्ठ बंधु बाळू, वय वर्षें दहा, यांस आम्ही झोंपल्यावर. सोबत एक वर्षाची वॉरंटी होती. वॉरंटी म्हणजे नेमकें काय, हें त्या दिवशीं कोणींच विचारलें नाहीं. आईनें पावती देवघराच्या खणांत शिधापत्रिकेशेजारीं ठेवली आणि पेढे वांटले.

२४ जून २०२४ रोजीं सकाळीं यंत्र उठेना. दिवा लागेना, आंतला पंखा फिरेना. वॉरंटी संपण्यास १८ दिवस उरले होते. आईनें पावती काढली, तों ती जवळजवळ कोरी! हल्लीं बहुतेक दुकानांतील पावत्या शाईनें छापीत नाहींत. विशिष्ट कागदास उष्णता देऊन अक्षरें उमटवितात, आणि ऊब किंवा तेलाचा हात लागला कीं तीं मावळूं लागतात. आमच्या पावतीस समईची ऊब पुरली असावी. दुकानदार भला, त्यानें दुसरी प्रत काढून दिली. तेव्हांपासून आमच्या घरीं भाजीखेरीज सर्व खरेदीच्या पावत्यांची छायाप्रत निघते.

मग कंपनीच्या मदतकेंद्रास दूरध्वनि केला. प्रथम संगीत पुष्कळ ऐकलें. नंतर एका बाईंनीं यंत्राचा क्रमांक विचारला. तो यंत्राच्या पोटावर मुंगीएवढ्या अक्षरांत. आजोबांचें भिंग आणून वाचला, तरी एक अक्षर शून्य आहे कीं इंग्रजी 'ओ', यावर पांच मिनिटें गेलीं. चार्जर काढा, बटण ३० सेकंद दाबून धरा, सोडा, पुन्हां दाबा. सर्व उपचार झाले. शेवटीं तक्रारीची नोंद झाली आणि रोग्यास कोल्हापूरच्या दुरुस्ती-केंद्रांत धाडण्याची आज्ञा मिळाली.

पांचव्या दिवशीं तिकडून निरोप आला: "आंत द्रव पदार्थ गेला आहे. वॉरंटी लागू नाहीं. मुख्य बोर्ड बदलण्यास २३,५०० रुपये पडतील."

द्रव पदार्थ! घरांतील सर्वांच्या नजरा एकदम बाळूकडे वळल्या. मे महिन्यांत तो यंत्राशेजारीं कोकमचें सरबत घेऊन बसला असतां आम्हींच त्याला पाहिलें होतें. तेव्हां फिर्यादी आम्ही, साक्षीदार आम्ही, आणि सांगण्यास लाज वाटते, शिक्षा देणारेही आम्हीच. "मीं सांडलें नाहीं," असें तो तीनदां म्हणाला. आम्हीं त्याचा कान सोडला नाहीं. चौथ्यांदा तो कांहींच बोलला नाहीं, आणि त्या रात्रीं जेवलाही नाहीं. कोल्हापुरांत बसलेल्या एका अनोळखी माणसाचें वाक्य आम्हीं प्रमाण मानलें, आणि समोर उभ्या असलेल्या भावाचें मानलें नाहीं. त्या वाक्याखालीं कोणाची सही आहे, हेंही पाहिलें नाहीं. सही नव्हतीच.

आई मात्र दुसऱ्या दिवशीं कपडे वाळत घालतां घालतां थबकली. यंत्र नेहमीं ज्या पांढऱ्या चादरीवर असे, ती तिच्या हातांत होती. ती म्हणाली, "कोकमचा डाग माझ्या हातून अजून एकदांही पुरता निघालेला नाहीं. मग तो इथें कसा नाहीं?"

वडील सहकारी पतपेढींत कारकून. त्यांचा भरंवसा बोलण्यापेक्षां लिहिण्यावर. त्यांनीं कंपनीस पत्र लिहिलें व तीनच गोष्टी मागितल्या: ओल दाखविणाऱ्या खुणेचें छायाचित्र, लेखी अहवाल, आणि तपासणाऱ्याचें नांव. कित्येक लॅपटॉपांच्या पोटांत अशी लहानशी पांढरी टिकली चिकटविलेली असते. पाणी लागलें कीं ती लाल होते. आठवडाभर उत्तर आलें नाहीं. तेव्हां वडिलांनीं १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक फिरविला. तेथें मराठींतही तक्रार घेतात. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अंमलांत आला. त्यानुसार ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार करतां येते, आणि वस्तूसाठीं दिलेली किंमत पांच लाखांपर्यंत असल्यास फी पडत नाहीं. हें सर्व वडिलांनीं दुसऱ्या पत्रांत शांतपणें लिहिलें. एकही कठोर शब्द नव्हता. आम्हीं दोन सुचविले होते, ते त्यांनीं खोडले.

चारच दिवसांत बोलावणें आलें. १५ जुलै रोजीं आम्ही आणि वडील एस.टी.नें निघालों. आंबा घाटांत धुकें इतकें कीं पुढची गाडी दिसेना. वडील सबंध प्रवासांत छत्रीची मूठ धरून बसले होते. २३,५०० ची बेरीज ते मनांत करीत असावेत, असें आम्हांस वाटलें.

केंद्रांतील तरुणानें आमच्यासमोर एकेक स्क्रू काढून यंत्र उघडलें. टिकली पांढरी होती. भाताच्या शितासारखी पांढरी. चार्जरच्या छिद्राजवळ मात्र किंचित् हिरवट गंज होता. समुद्रकांठच्या दमट हवेंत तांब्यास असा चढतो, आणि पहिल्या तपासनिसानें तेवढ्यावरूनच पाण्याचा तर्क केला असावा. जळालेला भाग तेथून बराच दूर, विजेचा दाब सांभाळणाऱ्या जागीं होता. त्या तरुणानें छायाचित्र काढलें, अहवाल लिहिला, आणि वडिलांनीं न मागतां खालीं सही केली. तक्रार मुदतींत नोंदलेली असल्यानें १२ जुलै उलटून गेल्याचा प्रश्नच कोणीं काढला नाहीं. बोर्ड फुकट बदलून मिळाला.

नवा बोर्ड बसतांच यंत्रानें ४८ अंकांची किल्ली मागून ताईला घाम फोडला, कारण जुन्या बोर्डाबरोबर आंतील कुलुपाची ओळखही गेली होती. ती किल्ली तिच्या खात्यांत जपून ठेवलेली निघाली, आणि तिचें काम वांचलें.

घरीं वडिलांनीं अहवाल मोठ्यानें वाचून दाखविला. बाळूनें तो नीट ऐकला. मग आंत जाऊन आपली वही आणली, शेवटच्या पानावर "लॅपटॉपवर सरबत मीं सांडलें नव्हतें" असें लिहिलें, तारीख घातली, आणि वही प्रथम वडिलांपुढें, मग आईपुढें, मग ताईपुढें धरली. तिघांनींही सह्या केल्या. आमची पाळी शेवटीं आली. आम्ही नेहमींची आंखूड सही करूं लागलों, तोंच त्यानें आमचा हात धरला.

"दादा," तो म्हणाला, "तूं पूर्ण नांव लिही."