चूक घरी नेण्याचे दिवस

साल 2000. नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत फर्स्ट शिफ्ट सुटली की बाकीचे घरची वाट धरायचे आणि आम्ही तिघं-चौघं सायकली त्रिमूर्ती चौकाकडे वळवायचो. तिथल्या सायबर कॅफेत तासाला तीस रुपये पडायचे. हाताला कूलंटचा वास, डब्याच्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फ्लॉपी आणि बगलेत दोनशे पानी वही. वहीत शिसपेन्सिलीनं लिहिलेलं एचटीएमएल. तीस रुपये मोजून तिथं विचार करत बसणं परवडत नव्हतं. विचार घरी करायचा, टायपिंग तेवढं कॅफेत.

आता शिफ्ट सुटलेला माणूस सिटीलिंकच्या बसमध्ये बसतो, कानात बोळे घालतो आणि पाथर्डी फाटा येईपर्यंत रिअ‍ॅक्टचा अर्धा धडा उरकतो. घड्याळाकडे बघत बसलेला कॅफेवाला नाही, की ‘साहेब, टाइम झाला’ नाही. वही तर नाहीच.

आमचे गुरू कोण? कुणाच्या तरी भाच्यानं पुण्याहून आणलेल्या पुस्तकाची झेरॉक्स. तीही सातव्या प्रकरणापर्यंतच. एका क्लासला पैसे भरले होते. तिथले सर आमच्यापेक्षा बरोबर एक प्रकरण पुढे असायचे. सीएसएस 1996 सालीच आलं होतं, पण अंबडपर्यंत ते पोहोचायला जरा वेळ लागला. आम्ही सगळं पान टेबलात कोंबायचो, टेबलात टेबल, त्यात आणखी एक. वर ‘मार्की’ लावून इंटरनेट एक्सप्लोररमध्ये अक्षरं सरकवली की आपण आता जगाला तोंड दाखवायला मोकळे झालो असं वाटायचं. मराठी मजकूर टाकला तर ज्याच्याकडे तोच फाँट आहे त्याला मराठी दिसे, बाकीच्यांना कचरा. एकदा फ्लॉपी डायल गेजच्या मॅग्नेटिक स्टँडशेजारी राहिली आणि तीन आठवड्यांचं काम पुसलं गेलं. या सगळ्याला कुणी सुवर्णकाळ म्हणत असेल तर म्हणो.

आता एमडीएनवर प्रत्येक टॅगची कुंडली फुकट मांडून ठेवली आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये लिनक्स आणि पीएचपीचे धडे चक्क मराठीत ऐकायला मिळतात. टेबलाची ती उतरंड सीएसएसच्या ग्रिडनं चार ओळींत मोडून काढली. गंगापूर धरणाच्या बाजूचं आमचं मुक्त विद्यापीठ 1989 पासून ‘ज्ञानगंगा घरोघरी’ म्हणत आलं. गंगा आता खिशात आली आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला जीभ जरा अडखळते. ‘आम्ही’ म्हणजे आम्ही पुरुषच. त्या कॅफेच्या प्लायवूडच्या खुराड्यांत बाईमाणूस क्वचितच दिसे. बायकोनं पुढे एकदा विचारलं होतं, “मलाही शिकता येईल का हो?” तेव्हा एमएस-सीआयटी नुकतं सुरू झालं होतं. ‘ते कर की,’ म्हणून मी सुटलो. आज तीच ओट्यावरच्या डब्याला मोबाइल टेकवून वर्डप्रेस शिकते. शेजारणीच्या मसाल्यांची साइट तिनं उभी केली, त्यावर ऑर्डरी येतात. माझ्या मार्कीनं चार आण्यांचाही धंदा केला नव्हता.

मग चुकचुकतं ते नेमकं काय?

आम्ही चूक घरी घेऊन जायचो. नेटस्केपमध्ये टेबलाचा शेवटचा टॅग राहिला की अख्खं पान कोरं. कुठे चुकलं ते ब्राउझर सांगायचा नाही, आणि तेवढ्यात वेळ संपायचा. मग ते कोरं पान डोक्यात घेऊन आम्ही एक्सलो पॉइंटपर्यंत सायकली हातात धरून चालायचो. “टीडी बंद केला होता का रे?” “टीआर बघ.” टपरीवर अर्धा-अर्धा चहा व्हायचा. रात्री जेवताना आमटीत हात आणि नजर भिंतीवर. कधी पहाटे तीनला उत्तर सापडायचं. पण ते खरं की खोटं हे कळायला पुन्हा शिफ्ट सुटावी लागायची. चूक एक रात्र घरी पाहुणी राहायची.

आता चुकीला पाहुणचार नाही. लाल ओळ येते, ती उचलून एआयला दाखवायची, तो नम्रपणे माफी मागून दुरुस्त करून देतो. अर्ध्या मिनिटात चूक आली आणि गेली, नावगाव विचारायलाही सवड नाही. हे चांगलंच आहे. त्या रात्रींनी आम्हाला फार मोठं केलं असंही नाही. चौघांतल्या एकाचंच पुढे या धंद्यात पोट भरलं, मी आजही क्वालिटीतच व्हर्नियर धरून आहे. तरी परवा मुलगा एकटाच स्क्रीनसमोर बसून खुदकन हसला आणि ‘झालं’ म्हणाला, तेव्हा काय झालं हे विचारायला मला जागाच उरली नव्हती.

दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर ती वही सापडली. पहिल्या पानावरचा कोड मी मुलाच्या लॅपटॉपवर जसाच्या तसा टाइप केला. पान उघडलं. पिवळ्या पाटीवर हिरवी अक्षरं डावीकडे सरकू लागली.

“पप्पा, हे अजून चालतं?” मुलगा म्हणाला. मग वाकून त्यानं वहीवर बोट ठेवलं. “पण इथं फाँटचा टॅग बंदच नाही केलेला.”

खरंच नव्हता. नेटस्केप टेबलासाठी पान कोरं ठेवायचा, फाँटसाठी नाही. त्यानं तेव्हाही ही चूक पोटात घातली असणार, म्हणून आमच्या कुणाच्या लक्षात आली नाही. मी ड्रॉवरमधून शिसपेन्सिल काढली.