विजेच्या मोटारीचा जमाखर्च

२०२२ सालच्या जून महिन्याचा पहिला आठवडा महाराष्ट्रातील वाहनधारकांनी लक्षात ठेवावा असा होता. १ जून रोजी एस.टी. महामंडळाची 'शिवाई' ही विजेवर चालणारी बस पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरकडे निघाली. १९४८ साली याच तारखेला आणि याच मार्गावर एस.टी.ची पहिली बस धावली होती. त्यानंतर दोनच दिवसांनी अमरावती-अकोला महामार्गावर डांबरीकरणाचे काम रात्रंदिवस सुरू झाले आणि १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका पूर्ण झाली. त्याची नोंद गिनेस बुकात झाली. अनेक वर्षे रखडलेल्या आणि खड्ड्यांनी गांजलेल्या या रस्त्याला अखेर चांगले दिवस आले.

रस्ता झाला, आता त्यावर कोणती गाडी चालवावी, हा प्रश्न वऱ्हाडातील घराघरांत विचारला जात आहे. मुलाचे लग्न ठरले, जुनी गाडी दहा वर्षांची झाली, पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या पुढे गेले, अशी कारणे निरनिराळी असतात. परंतु बोलणे शेवटी विजेच्या गाडीवर येऊन थांबते आणि तेथे उत्साहाबरोबर शंकाही डोके वर काढते. "गाडी मधातच बंद पडली तं ढकलत कुठलोक नेऊ?" हा अस्सल वऱ्हाडी प्रश्न त्या साऱ्या शंकांचे सार आहे.

या प्रश्नाला हसून चालणार नाही. पेट्रोल संपले तर मूर्तिजापूरहून कोणीतरी बाटलीतून लिटरभर आणून देतो. वीज बाटलीतून आणता येत नाही. बडनेऱ्याहून अकोल्याला जाणारी आगगाडी कित्येक वर्षे विजेवरच धावते आहे, पण तिच्या डोक्यावर तार अखंड सोबत असते. मोटारीला आपली शिदोरी स्वतःच बरोबर न्यावी लागते. ती शिदोरी किती, आणि किती वेगाने संपते, एवढे नीट समजले की निम्मी भीती आपोआप कमी होते.

लहान विजेच्या मोटारीत साधारण २४ युनिटांची बॅटरी असते. एक युनिट म्हणजे वीजबिलावर दिसते तेच युनिट. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने महामार्गावर एका युनिटात सहा-साडेसहा किलोमीटर जाता येते, म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी दीडशे किलोमीटरच्या आसपास पुरते. जाहिरातीतील आकडा याहून बराच मोठा असतो, कारण तो ठरावीक चाचणीत मिळालेला असतो. अमरावती ते अकोला हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. जाणे निर्धास्त होते. त्याच दिवशी परतायचे असेल तर मात्र अकोल्यात गाडी काही वेळ चार्ज करणे भाग आहे.

पुष्कळांना वाटते की वातानुकूलन लावले की बॅटरी भराभर उतरते. प्रत्यक्षात सव्वा तासाच्या प्रवासात वातानुकूलन दोन-अडीच युनिटे घेते, म्हणजे पंधरा किलोमीटरची तूट. खरा खर्च वेगाचा आहे. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० ऐवजी १०० चा वेग धरला तर तो दीडपटीहून अधिक होतो. गुळगुळीत नव्या रस्त्याचा मोह ज्याला आवरतो, त्याची बॅटरी पुरते. चिखलदऱ्याचा घाटही वाटतो तितका महाग नाही. परतवाड्याहून वर चढताना तीन-साडेतीन युनिटे जास्त जातात. उतरताना मोटरच जनित्रासारखी चालते आणि त्यातील बराच भाग बॅटरीत परत जमा होतो.

दुसरी शंका उन्हाची. २०२० च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता. नॉर्वेमध्ये २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी दहांत जवळजवळ नऊ विजेच्या होत्या, हे उदाहरण वारंवार दिले जाते. पण तेथील मोटारींचा सामना थंडीशी आहे आणि येथे प्रश्न वैशाखाचा आहे. थंडीत बॅटरीची शक्ती तात्पुरती कमी होते, तर सततच्या उष्णतेने तिचे आयुष्यच कमी होते. म्हणून वऱ्हाडात गाडी घेणाऱ्याने रंग आणि पडद्याचा आकार पाहण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. बॅटरी थंड ठेवण्यासाठी द्रवाची व्यवस्था आहे काय? आणि बॅटरीतील रसायन कोणते? लोह-फॉस्फेट प्रकारची बॅटरी उष्णता अधिक सोसते आणि सहसा पेट घेत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात काही विजेच्या स्कूटरींना आगी लागल्या, त्यानंतर सरकारने बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक केले. नियमांच्या जोडीला मालकाची काळजीही हवी. गाडी सावलीत लावणे आणि भर दुपारी महामार्गावरून आल्या आल्या जलद चार्जिंगला न जोडणे, या दोन सवयी साध्या असल्या तरी उपयोगाच्या आहेत.

आता पैशाची बाजू. खालील आकडे अदमासाने धरलेले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि लिटरला १५ किलोमीटर धरल्यास किलोमीटरला ७ रुपये पडतात. घरची वीज १२ रुपये युनिट आणि युनिटाला ६ किलोमीटर धरल्यास २ रुपये पडतात. किलोमीटरमागे ५ रुपयांची बचत. विजेची गाडी तशाच पेट्रोलच्या गाडीपेक्षा तीन लाखांनी महाग आहे, असेही धरून चालू.

अमरावतीच्या साईनगरात राहणारे एक निवृत्त दांपत्य घ्या. भाजी, दवाखाना, मंदिर आणि वर्षातून दोन-तीन वेळा मुक्तागिरी, असे त्यांचे वर्षाचे चार हजार किलोमीटर होतात. बचत वीस हजार रुपये. तेच तीन लाख सात टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले असते तर एकवीस हजार व्याज आले असते. नऊ टक्क्यांच्या कर्जावर घेतले तर पहिल्या वर्षीचे व्याजच सत्तावीस हजार. म्हणजे पेट्रोलची सारी बचत व्याजालाही पुरत नाही. त्यांना ही गाडी शांत चालते, गिअर बदलावा लागत नाही, धूर सोडत नाही म्हणून घ्यावीशी वाटली तर जरूर घ्यावी. फक्त ती पैसे वाचविण्यासाठी घेतली असे म्हणू नये.

अकोल्यातील औषधांच्या एका घाऊक विक्रेत्याचे गणित निराळे आहे. बाळापूर, अकोट, मूर्तिजापूर अशी फिरती धरून वर्षाला पंधरा हजार किलोमीटर होतात. वर्षाची बचत पंच्याहत्तर हजार, आणि चार वर्षांत जादा किंमत वसूल. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. घरगुती वीजबिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात. महिन्याला दीडशे युनिटे वापरणाऱ्या घरात गाडीची दोनशे युनिटे मिळाली की बिल वरच्या टप्प्यात जाते आणि जादा युनिटे महाग पडतात. ज्याला स्वतःचे छप्पर आहे त्याला यावर उपाय आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या सौर संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते, आणि विदर्भाच्या उन्हात असा संच दिवसाला सरासरी बारा युनिटांच्या आसपास वीज देतो. जे ऊन बॅटरीला जाच देते, तेच तिचे पोट भरते.

तिसरा हिशेब बडनेरा स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या टॅक्सीचालकाचा. त्याची गाडी वर्षाला छत्तीस हजार किलोमीटर धावते. घरच्या विजेवर ती चालली तर बचत एक लाख ऐंशी हजार, आणि जादा किंमत वीस महिन्यांत वसूल. कागदावर विजेची गाडी सर्वांत अधिक कोणाला परवडते, तर यालाच. पण तो भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. गाडी रात्री गल्लीच्या तोंडाशी उभी असते. घरमालक तेथवर वायर ओढू देत नाही. बाहेरच्या जलद चार्जरवर वीस-एकवीस रुपये युनिट पडले की किलोमीटरचा खर्च साडेतीन रुपयांवर जातो, बचत पाच रुपयांवरून साडेतीन रुपयांवर येते, आणि प्रत्येक वेळी तासभर गाडी उभी राहते. एका प्रवाशाने त्याला या गाडीचे फायदे समजावून सांगितले, तेव्हा त्याचे उत्तर होते, "काकाजी, तुमची गाडी उभी रायते, माही पयते. एक तास उभं रायलं का एक भाडं गेलं." त्यातच चार्जरपाशी गेल्यावर तो बंद आढळला, तर तासाचे दोन तास होतात.

विजेच्या मोटारीसंबंधीची खरी अडचण या तीन हिशेबांत दिसते. जो थोडे फिरतो त्याच्याकडे स्वतःचे आवार आहे, मीटर आहे, बँकेत पत आहे. पण त्याला लाभ कमी. जो सर्वांत जास्त फिरतो त्याला लाभ सर्वांत मोठा. पण त्याला गाडी जोडण्यासाठी भिंत नाही. सरकारी सवलतींनी ही तफावत फारशी भरून निघत नाही. विजेच्या गाडीच्या कर्जव्याजावर दीड लाखापर्यंतची आयकर वजावट होती, ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच. वस्तू व सेवा कर विजेच्या गाडीवर ५ टक्के आहे. लहान पेट्रोल गाडीवर तो उपकरासह २९ टक्के होता, तो सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला, म्हणजे अंतर घटले. राज्याच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या मोटारींना पथकरमाफी दिली आहे ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर. अमरावती-अकोला रस्ता त्या यादीत नाही. त्याच धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे ठरले आहे. टॅक्सीचालकाची आशा या एका कलमावर आहे, आणि ते कलम कागदावरून रस्त्यावर किती लवकर उतरते यावर ती अवलंबून आहे.

धुराचाही हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. गाडीच्या मागे नळकांडे नाही म्हणून धूर नाहीच, असे समजणे बरोबर नाही. अकोला जिल्ह्यात पारसला ५०० मेगावॉटचे आणि अमरावतीजवळ नांदगावपेठला १,३५० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे; दोन्हींत कोळसा जळतो. शहरातील चौकाची हवा स्वच्छ होते, पण काही धूर चिमणीपाशी राहणाऱ्यांच्या वाट्याला जातो. एकूण कर्बवायूचा विचार केला तर आजच्या विजेवरही ही गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा काहीशी बरी ठरते. छपरावरील सौरविजेवर चालली तर पुष्कळच बरी. सर्वांत बरी म्हणजे जवळच्या कामाला पायी जाणाऱ्याची आणि अकोल्याला आगगाडीने जाणाऱ्याची यात्रा. तिला ना बॅटरी लागते ना कर्ज.

समाजाच्या संस्थांना यात करण्याजोगे एक छोटे काम आहे. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केले की गाडी चार्ज करून देणे ही सेवा आहे, विजेची विक्री नव्हे. त्यासाठी परवाना लागत नाही. मुक्तागिरी, शिरपूर, कारंजा अशा ठिकाणी यात्रेकरू रात्रभर मुक्काम करतात. धर्मशाळेच्या भिंतीवर चांगले अर्थिंग असलेला एक पॉवर पॉइंट आणि त्याला वेगळा मीटर बसविला, तर तासाला तीन युनिटे या गतीने आठ तासांत लहान गाडीची बॅटरी भरते. सकाळी मीटर पाहून जेवढी वीज तेवढे पैसे भरावेत. महागडा जलद चार्जर नको, रांग नको. मंगल कार्यालयांनी आणि सदनिकांच्या सोसायट्यांनीही हेच करावे. शहरातील भवनांनी तर अशी एक जागा रात्री दहानंतर शेजारच्या टॅक्सीचालकासाठी रास्त दरात खुली ठेवावी. गाडी कोणती घ्यावी हे ज्याचे त्याने आपल्या वहीत पाहून ठरवावे. पण ज्याच्या वहीत लाभ दिसतो आणि घराला भिंत नाही, त्याला रात्रीपुरती भिंत देणे काही शे रुपयांच्या वायरीचे आणि एका मीटरचे काम आहे.