चार चमचे भात

घरातील गोष्ट चव्हाट्यावर नेऊ नये, असा आमच्या घरचा जुना दंडक आहे आणि तो आम्ही आजवर पाळीत आलो. आज तो मोडीत आहोत तो आमच्या धाकट्या मुलाच्या अनुमतीने. किंबहुना त्याच्याच सांगण्यावरून. "बाबा, लिहायचे असेल तर सगळे लिहा. भाताचेही लिहा," असे त्याने बजावले आहे. तेव्हा भाताचेही लिहिणे प्राप्त आहे.

हा मुलगा बाळपणापासूनच अंगाने भरलेला. आमच्या मातुःश्रींस त्याचे मोठे कौतुक. 'खात्यापित्या घरचे लेकरू' म्हणून आल्यागेल्यास त्या त्याला दाखवीत. पुढे तो आमच्याच शाळेत, आमच्याच वर्गात आला. एके दिवशी कवाईतीत धावता धावता तो मध्येच खाली बसला. आम्ही सर्व वर्गासमक्ष म्हणालो, "ज्याचा जिभेवर ताबा नाही, त्याचा विद्येवर काय राहणार?" वर्ग हसला. आपण मोठे सुभाषित बोललो, असे त्या वेळी आम्हांस वाटले. त्याच रात्री पानावर त्याने भात नको म्हटले, तेव्हा घरच्या मंडळींनी त्यास गोंजारून, रागावून, शपथा घालून तुपाची धार धरली. आणि त्या मंडळींत आम्हीही होतो. सकाळी संयमाचा पाठ आणि रात्री आग्रहाचा, असा दुहेरी अभ्यासक्रम त्या पोराने पुष्कळ वर्षे केला. त्यात तो नापास झाला, यात नवल ते कोणते?

यथाकाल शिक्षण झाले, नोकरी लागली, लग्न झाले आणि तो अमेरिकेत सॅन डिएगो येथे स्थायिक झाला. २०२३ च्या आरंभी त्याचे वय ३६, उंची पाच फूट आठ इंच आणि वजन १३२ किलो होते. मधुमेह जडला होता. झोपेत श्वास अडके, म्हणून रात्री नाकावर यंत्राचा मुखवटा चढवून निजावे लागे. चालणे, उपास, तऱ्हतऱ्हेचे आहार, सर्व करून झाले होते. हल्ली निघालेली भूक मंदावणारी इंजेक्शनेही त्याने काही महिने घेतली. वजन उतरले, पण ओकाऱ्यांमुळे ती सोडावी लागली आणि उतरलेले वजन व्याजासह परत आले. अखेर तेथील डॉक्टरांनी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया सुचविली. परंतु त्याच्या नोकरीबरोबरच्या विम्यातून ही शस्त्रक्रिया मुळातच वगळलेली, आणि पदरच्या पैशाने करावी तर वीस हजार डॉलरच्या घरात खर्च. सॅन डिएगोहून मोटारीने अर्ध्या तासावर मेक्सिकोची हद्द लागते. हद्दीपलीकडच्या तिहुआना शहरात हेच काम त्यास सहा हजारांच्या आत होणार होते. अमेरिकेतून पुष्कळ लोक याच कारणाने तेथे जातात. त्यानेही तेच ठरविले.

"पुण्यास का येत नाहीस?" असे आम्ही दूरध्वनीवर विचारले. पुण्या-मुंबईस ही शस्त्रक्रिया उत्तम होते. परदेशचे रुग्ण तिच्यासाठी इकडे येतात. त्याने सांगितले की, रजा थोडी, आणि शस्त्रक्रियेनंतर लगेच इतका लांबचा विमानप्रवास केला तर पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचे भय. थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "आणि अकरा माणसांच्या घरात मला पाण्याचा घोट मोजून पिता येईल का, बाबा? आईला यातले काही कळू देऊ नका." सूनबाईस नोकरी आणि पदरी लहान मूल. सोबतीस माणूस हवे होते, म्हणून हे बोलावणे.

शिक्षकाच्या जन्मखोडीप्रमाणे आम्ही प्रथम चार पानी उपदेशाचे पत्र लिहावयास घेतले. आमचे इंग्रजी मॅट्रिकपुरते; संस्कृत मात्र पाठशाळेत झालेले. उपदेशास आधार हवा म्हणून चरकसंहिता काढली. सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय 'अष्टौनिन्दितीय' या नावाचा आहे. लोक ज्यांची निंदा करतात अशा आठ प्रकारच्या शरीरांत तेथे अतिस्थूलाची गणना केली आहे. आम्ही उत्साहाने पुढे वाचू लागलो, तो भलतेच निघाले. स्थूलपणाच्या कारणांत अतिभोजन, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप यांच्याबरोबर चरकाने 'बीजस्वभाव', म्हणजे आईबापांकडून आलेली प्रकृतीही घातली आहे. शिवाय तो म्हणतो की, मेदाने शरीरातील मार्ग अडले म्हणजे वायू कोठ्यातच फिरून अग्नीस चेतवितो. मग अन्न झपाट्याने जिरते आणि मनुष्य पुन्हा खावयास मागतो. म्हणजे ही भूक त्याच्या शीलाचा दोष नसून त्याच्या व्याधीचेच एक अंग! आणि बीज म्हणावे तर ते आमचेच.

मुलाने यास आजच्या विद्येची जोड दिली. जठराच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन नावाचा एक रस तयार होतो. तो रक्तावाटे मेंदूस भूक लागल्याचे कळवितो. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी तो शोधून काढला. शस्त्रक्रियेत जठराचा नेमका तोच भाग काढून टाकतात. किलोंतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले म्हणजे जो आकडा येतो तो त्याच्या बाबतीत ४४ होता. हा आकडा ४० किंवा अधिक असल्यास, अथवा ३५ असून जोडीस मोठे दुखणे असल्यास शस्त्रक्रिया करावी, असा १९९१ चा दंडक होता. २०२२ मध्ये तो सैल करून आशियाई लोकांकरिता २७.५ पासूनच विचार व्हावा असे ठरले. आपल्या लोकांच्या अंगी, दिसावयास सडपातळ असले तरी, चरबी अधिक असते, हे आमच्या पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगास दाखविले. २००४ साली त्यांनी आपले व लंडनच्या डॉ. युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचा हा आकडा एकच, २२.३, परंतु चरबी एकाच्या अंगी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगी २१.२ टक्के! असो. आमचे चार पानी पत्र टाकपेटीत गेलेच नाही.

घरी 'अमेरिका पाहून येतो' असे सांगून आम्ही एप्रिलात निघालो. आमच्या कुटुंबाने मुलासाठी बेसनाचे लाडू बांधून दिले. ते पिशवीत ठेवताना आम्हांस जे वाटले ते येथे लिहीत नाही.

सॅन डिएगोस पोहोचलो तेव्हा मुलाचे पंधरा दिवसांचे पथ्य चालू होते. पिष्ट व गोड पदार्थ वर्ज्य केले म्हणजे यकृताची चरबी उतरते आणि ते आकाराने लहान होते. एरवी ते जठरावर आडवे येऊन शस्त्रवैद्यास अडचण करते. सूनबाईने एक बातमी आम्हांस दाखविली. २०१९ च्या जानेवारीत अमेरिकेच्या रोगनियंत्रण खात्याने जाहीर केले होते की, तिहुआनात शस्त्रक्रिया करवून परतलेल्या काही रुग्णांस बहुतेक औषधांना दाद न देणाऱ्या जंतूचा संसर्ग झाला. आणि त्यांतले बहुतेक वजन उतरविण्यासाठीच गेलेले होते. ती रात्र आम्ही जागून काढली. मुलगा मुखवटा लावून शांत झोपला होता. त्याने इस्पितळ निवडण्यापूर्वी हत्यारांचे निर्जंतुकीकरण, अतिदक्षता विभाग, शस्त्रवैद्याचा अनुभव यांची महिनाभर चौकशी केली होती, हे सूनबाईने सांगितले तेव्हा कोठे धीर आला.

सॅन इसिद्रोची हद्द आम्ही पायीच ओलांडली. अमेरिकेचा प्रवेश-परवाना असला म्हणजे मेक्सिकोचा निराळा लागत नाही. एक लोखंडी फिरते दार ढकलले, कागदावर शिक्का पडला, आणि जाहले, देश बदलला! पलीकडे इस्पितळाची मोटार उभी होती.

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. पोटावर पाच लहान छिद्रे पाडून, दुर्बिणीतून पाहत, जठराचा चार पंचमांशाच्या आसपास भाग कापून काढतात आणि उरलेला, सदऱ्याच्या बाहीसारखा, धातूच्या बारीक टाक्यांनी शिवून टाकतात. एकदा कापले ते कापले. मागाहून जोडता येत नाही. शुद्धीवर येताच मुलाने खांदा दुखत असल्याची तक्रार केली. पोटावर शस्त्रक्रिया आणि दुखतो खांदा, हे पाहून आम्ही घाबरलो. परंतु पोटात भरलेल्या वायूमुळे असे होते, आणि चालण्याने ते जाते. परिचारिकेने त्यास तीन तासांत उठवून चालविले. ती स्पॅनिश बोले, आम्ही मराठी; तरी "पोको अ पोको", म्हणजे हळूहळू, एवढे तिच्याकडून शिकलो. दुसऱ्या दिवशी रंगीत पाणी पाजून, शिवण कोठे गळत नाही ना, ते पाहिले. मग ३० मिलिलिटरच्या इवल्या पेल्यातून घोट घोट पाणी. त्या पेल्याकडे पाहून आम्हांस संध्येच्या पळीची आठवण झाली. आयुष्यभर आम्ही आचमन केले, पण पाण्याच्या एका घोटाकडे इतक्या एकाग्रतेने पाहिले नव्हते.

चौथ्या दिवशी परतलो. परतीचे काम सोपे नव्हे. मोटारींच्या रांगा तासन्‌तास हलत नाहीत. रुग्णांकरिता निराळी रांग असते, तिचा परवाना इस्पितळाने दिला होता, तरी वेळ लागलाच. मोटारींच्या मधून फेरीवाले 'चुरोस' विकीत हिंडत होते. साखरेत घोळलेले, तळलेले, लांबट. मुलाने काच खाली केली. आम्ही दचकलो. तो म्हणाला, "बाबा, वास छान येतो आहे. पण भूक नाही. कळायला लागल्यापासून पहिल्यांदा भूक नाही." त्याच्या डोळ्यांत पाणी होते. आम्ही रस्त्याकडे पाहत राहिलो.

आता भाताचे. घरी आल्यावर पंधरा दिवस निव्वळ द्रव आहार होता: गाळलेले कढण, पातळ ताक, प्रथिनांची पूड घातलेले दूध. सूनबाई वजन-मापे करून सारे लिहून ठेवून कामावर जाई. आठव्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघेच होतो. त्याचा चेहरा उतरलेला, डोळे आत गेलेले. पोटचे पोर आठ दिवस पाण्यावर आहे, हे आम्हांस पाहवेना. आम्ही गुरगुट्या भात केला, मीठ-तूप घातले आणि वाटी पुढे ठेवली. त्याने वाटीकडे पाहिले, मग आमच्याकडे. "चार चमचे फक्त," आम्ही म्हणालो. त्याने चार चमचे खाल्ले.

अर्ध्या तासात छातीत कळ आली. मग ओकाऱ्या, पाणीही ठरेना. संध्याकाळी नाडी १३० वर गेली. शिवण उसवली असेल तर प्राणाशी गाठ, हे आम्हांस पढविलेले होते. तिहुआनास दूरध्वनी केला, तर जवळच्या इस्पितळात न्या, असे उत्तर आले. तेथील तरुण डॉक्टरने पहिला प्रश्न केला, शस्त्रक्रिया कोणी केली? कागद पाहिले तो बरेचसे स्पॅनिशमध्ये. ज्या हातांनी पोट शिवले ते हद्दीपलीकडे, आणि संकट हद्दीअलीकडे. परदेशी जाऊन स्वस्तात शस्त्रक्रिया करविणाऱ्याने खर्चाच्या हिशेबात ही रात्र धरलेली असावी. रात्री पोटाचे चित्र काढले, आणि पहाटे कळले की शिवण शाबूत आहे. अंगातील पाणी मात्र पार आटले होते. सलाईनच्या बाटल्या लावल्या. त्या एका रात्रीच्या बिलात तिहुआनाने वाचविलेल्या पैशांचा चांगलाच भाग गेला.

उजाडता आम्ही त्यास विचारले, "नको का म्हणाला नाहीस?"

"तुम्हांला नको म्हणता येत नाही, बाबा."

मग आम्ही ती कवाईतीची गोष्ट काढली. वाटले होते, तो विसरला असेल. "आठवते की," तो म्हणाला. "वर्ग हसला होता. आणि त्याच रात्री तुम्ही तूप वाढलेत. मी खाल्लेले तुम्हांला हवे आहे की नको, हे मला तेव्हापासून कधी समजलेच नाही." हे त्याने रागाने म्हटले नाही. रागाने म्हटले असते तर आम्हांस सोपे गेले असते.

त्याच दिवशी त्याच्या संमतीने आम्ही पुण्यास सारे कळविले. आमचे कुटुंब बराच वेळ बोलेना. मग विचारले, "आता किती लागते त्याला?"

"वाटीभरही नाही."

"मग मी त्याच्यासाठी करू तरी काय?"

यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. लाडू सूनबाईने ऑफिसात वाटून टाकले.

पुढचे महिने निरुपद्रवी गेले असे नाही. शाकाहारी माणसाने लहानशा पोटात दिवसाकाठी साठ ग्रॅम प्रथिने भरावयाची कशी, हे एक गणितच होते. पनीर, दही, मुगाची डाळ आणि ती पूड यांवर ते सुटले. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. तिसऱ्या महिन्यात केस मुठीने गळाले, ते पुढे आले. आम्लपित्त मात्र जडले आहे. लोह, कॅल्शियम, ब-१२ ही जन्माची सोबत आहेत, आणि जपले नाही तर वजन परत फिरते, हे त्यास ठाऊक आहे. पण मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या आणि रात्रीचा तो मुखवटा कपाटात गेला.

२०२४ च्या गणपतीस तो सहकुटुंब घरी आला. वजन ९२ किलो. शेजारच्या आजींनी तर त्यास ओळखलेच नाही. पंगत बसली. आमचे कुटुंब मोदक वाढीत होते. त्याच्या पानात तिने अर्धा मोदक ठेवला आणि वर चमचाभर तूप. आमचे वडील बंधू शेजारच्या पानावर होते, ते म्हणाले, "अगं, एवढ्याने काय होते? घाल, घाल त्याला!" आमची जीभही, खोटे कशाला सांगावे, वळवळली.

"त्याचे झाले आहे, भावजी," ती म्हणाली, आणि तुपाची वाटी घेऊन पुढच्या पानाकडे गेली.