एका बैठकीतली क्वार्टर

एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त शुद्ध अल्कोहोल पोटात गेले, की जागतिक आरोग्य संघटना त्याची गणना अतिमद्यपानात करते. मग तशी बैठक महिन्यातून एकदाच का होईना. भारतात मिळणाऱ्या व्हिस्की-रममध्ये सहसा ४२.८ टक्के अल्कोहोल असते. म्हणजे १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्येच हे ६० ग्रॅम भरतात. निरोगी यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निकाली काढते. रात्री अकराला क्वार्टर संपवणारा माणूस पहाटे डोंबिवलीला लोकल पकडतो, तेव्हाही तिचा अंश रक्तात असू शकतो.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत अशा पिण्याचे दिवस ठरलेले असतात: आषाढातली गटारी, एकतीस डिसेंबर, लग्नघरची हळद, पगारानंतरचा शनिवार. पुढे श्रावण पाळायचा म्हणून आदल्या अमावास्येला भरपूर घेतली जाते. ‘मी काही रोज घेत नाही’ हे अशा माणसाचे म्हणणे खरे असते, पण त्यात निश्चिंत होण्यासारखे काही नाही. १९७३ मध्ये रॉय वाइज यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात एक दिवसाआड दारू मिळणारे उंदीर हळूहळू अधिकाधिक पिऊ लागले. मधल्या कोरड्या दिवसांनी त्यांची ओढ कमी झाली नाही.

मेंदूच्या तळाकडे, मध्यमेंदूत, ‘व्हेंट्रल टेगमेंटल एरिया’ हा चेतापेशींचा लहानसा पुंजका आहे. त्याचे तंतू ‘न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्स’ या केंद्राकडे आणि कपाळामागच्या भागाकडे जातात व तिथे डोपामिन हे रसायन सोडतात. हेच बक्षिसाचे मंडल. त्याचा पहिला माग १९५४ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांना लागला. मेंदूच्या ठरावीक जागी विजेचा सौम्य झटका मिळावा म्हणून त्यांचे उंदीर पुन्हा पुन्हा कळ दाबत राहिले. जेवण, सहवास, कौतुक यांनीही हे मंडल जागे होते. दारू तिथे आडवाटेने पोहोचते. तिच्यामुळे एंडॉर्फिन ही शरीराची स्वतःची अफूसारखी द्रव्ये सुटतात, डोपामिन-पेशींना आवरणाऱ्या पेशी ढिल्या पडतात आणि डोपामिन वाढते. थोड्या वेळात जास्त प्यायली, तर ही वाढ झपाट्याने होते, आणि झपाट्याने आलेले बक्षीस मेंदू घट्ट लक्षात ठेवतो.

वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या अभ्यासातून पुढची गोष्ट कळली. बक्षिसाची खूण ओळखीची झाली, की डोपामिन-पेशी बक्षिसाऐवजी त्या खुणेलाच प्रतिसाद देऊ लागतात. त्यामुळे चकण्याचा वास, मित्रांच्या ग्रुपवरचा ‘बसायचं का?’ हा मेसेज किंवा स्टेशनबाहेरच्या बारची पाटीसुद्धा पहिल्या घोटाआधी ओढ लावते. याला मनाचा कमकुवतपणा म्हणणे अन्यायाचे आहे. ते शिकलेले असते, आणि शिकण्याची ही यंत्रणा प्रत्येकाकडे आहे.

एका गटारीने कोणी व्यसनी होत नाही. बैठका वाढत गेल्या, की मात्र मेंदू समतोल राखायला स्वतःत बदल करतो. दारूच्या आहारी गेलेल्यांच्या मेंदूच्या चित्रणांत डोपामिनचे डी-२ ग्राही कमी आढळले आहेत. अशा माणसाला साध्या गोष्टींतला आनंद फिका वाटतो. दारू उतरताना ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन उसळते, भीतीशी निगडित अमिग्डालाच्या परिसरातली ताणाची रसायने वाढतात. दुसऱ्या दिवशीची धडधड, चिडचिड आणि अकारण भीती तिथून येते. मग माणूस मजेसाठी कमी आणि ही अवस्था टाळण्यासाठी जास्त पिऊ लागतो. संशोधक जॉर्ज कूब यांनी या उलट्या टप्प्याकडे लक्ष वेधले, आणि व्यसन समजण्यासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. याच काळात पिणे सवयीच्या केंद्रांकडे सरकते आणि कपाळामागचा लगाम सैल होतो. हा लगाम पंचविशीपर्यंत घडत असतो, म्हणून कॉलेजवयातल्या अशा बैठका अधिक घातक. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, ती योग्यच आहे.

पिणे थांबले, की मेंदूचे आक्रसलेले भाग काही आठवड्यांत, महिन्यांत बऱ्यापैकी सावरतात. खुणांची ओढ मात्र दीर्घकाळ टिकते. नाल्ट्रेक्सोन हे औषध एंडॉर्फिनचे ग्राही अडवते, त्यामुळे दारूतले बक्षीस फिके पडते. अमेरिकेत १९९४ पासून ते यासाठी मान्य आहे. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते, आणि अफूवर्गीय वेदनाशामके घेणाऱ्यांना चालत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करणे धोक्याचे असते. दोन ते चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, क्वचित जीवही जातो.

मदतीसाठी ठाण्यात १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. ‘टेलि-मानस’ या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. समुपदेशनात गटारी किंवा घरातली हळद येण्याआधीच त्या संध्याकाळचा बेत ठरवतात: कुठे असायचे, सोबत कोण असेल, आग्रह झाला तर काय उत्तर द्यायचे आणि तिथून किती वाजता निघायचे.