तिसऱ्या गिअरमधली पारख

यामाहा आरएक्स 100 चा बोअर 50 मिलिमीटर आणि स्ट्रोकही 50. हिरो होंडा स्प्लेंडरचा बोअर 50, स्ट्रोक 49.5. म्हणजे पिस्टनचा व्यास तोच आणि वर-खाली करायला जागाही जवळपास तेवढीच. तरीही आरएक्स क्लच सोडताच पुढचं चाक हलकं करायची, आणि स्प्लेंडर दुधाचे कॅन लादलेले असोत की समोर चढ असो, आपली एक लय सोडायची नाही. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दर फेरीला स्फोट होतो आणि फोर-स्ट्रोकमध्ये एकाआड एक फेरीला, एवढं गॅरेजमध्ये नव्याने आलेलं पोरगंही सांगतं. त्यातून ताकद कमी-जास्त का, हे कळतं. ती ताकद कुठे बसलेली आहे, हे मात्र कळत नाही. आरएक्सची ताकद अर्धा थ्रॉटल ओलांडल्यावर एकदम जागी व्हायची. स्प्लेंडरची आयडलिंगच्या जरा वर असतानाच हाताशी असायची. गाडीचा स्वभाव तिथे ठरतो, आणि माहितीपत्रकात त्याला रकाना नसतो.

मी साताऱ्यात गाड्या दुरुस्त करतो. काम संपलं की गाडी घेऊन समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढायचा, वर वळवून परत यायचं, ही माझी तपासणी. रोलरवर चढवून यंत्राने मोजण्याची सोय मोठ्या शहरांत आहे, पण घाट जे सांगतो ते मला पुरतं. चढाला तिसरा गिअर, ताशी तीसच्या आसपास वेग, थ्रॉटल अर्ध्याच्या आत. आपल्याकडची बहुतेक गाडी आयुष्यभर याच पट्ट्यात चालते. टॉप स्पीड बघायला महिन्यातून एखादा रिकामा रस्ता मिळतो. हा पट्टा रोज सकाळी मिळतो.

तुलना करायला बसलेली पोरं मात्र वरचा आकडा घेऊन येतात. ‘काका, 46 पीएसची घेऊ का 40ची?’ मोबाइलवर दोन गाड्या शेजारी शेजारी लावलेल्या असतात. अशाच एका जोडीचा विषय मला खरोखर आवडतो, कारण निसर्गातही इतका सरळ प्रयोग सहसा सापडत नाही. 2023 साली केटीएमची नवी 390 ड्यूक आली आणि ट्रायम्फची स्पीड 400 आली. एक ऑस्ट्रियन, दुसरी ब्रिटिश. दोन्ही बनतात इथेच, चाकणला, बजाजच्या कारखान्यात. दोन्हींचा बोअर 89, स्ट्रोक 64, दोन्ही पाण्याने थंड होणाऱ्या, दोन्हींना चार व्हॉल्व्ह आणि वर दोन कॅमशाफ्ट. ड्यूकचा टॉर्क 39 न्यूटन मीटर, स्पीडचा 37.5, आणि दोन्हींचा कळस 6500 आरपीएमलाच. दीड न्यूटन मीटरचा फरक उजव्या हाताला जाणवतही नाही. मग सहा पीएस येतात कुठून? ते येतात कळस ओलांडल्यानंतर. ड्यूक 8500 पर्यंत जाते तरी टॉर्क 38 च्या आसपास धरून ठेवते. स्पीडचा 8000 लाच 35 वर आलेला असतो. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या. वर जाऊन दम टिकवला, की आकडा फुगतो. सहा पीएसचा हा सगळा वाद 7000 च्या वरचा आहे, आणि यवतेश्वरच्या चढाला मी 7000 च्या वर जात नाही.

खाली काय होतं ते बघा. स्पीडच्या क्रँकचं वजन ट्रायम्फने मुद्दाम सावकाश चालवताना सोयीचं होईल अशा बेताने ठेवलंय. तिसऱ्यात वेग पडला तरी थ्रॉटल हळू उघडला की ती न कुरकुरता उचलते. ड्यूक त्याच वेगाला एक गिअर खाली मागते. तो दिला की मग जी निघते, ती निघते! दुसऱ्यात, वळण संपल्यावर पुढे रस्ता मोकळा दिसत असताना ड्यूकचा थ्रॉटल उघडण्यात जो आनंद आहे, तो मी कुणाला नाकारणार नाही. फक्त तो आनंद रोज किती वेळा मिळणार, हा हिशेब गाडी घेणाऱ्याने स्वतः करावा. पुण्यात कंपनीत नोकरी आणि शनिवारी गावाकडे, असं असेल तर आठवड्याचे पाच दिवस स्पीड जिंकते. रविवार ड्यूकचा.

या दोघींशेजारी रॉयल एन्फिल्डची क्लासिक 350 उभी केली की पोरं हसतात. 349 सीसीला 20 बीएचपी! पण 2021 ची क्लासिक हे जुन्या बुलेटचं नुसतं नवं रंगकाम नव्हे. आधीच्या इंजिनाचा बोअर 70 आणि स्ट्रोक 90 होता. नव्याचा 72 आणि 85.8. आत बॅलन्सर शाफ्ट आला, त्यामुळे आरसा थरथरायचा थांबला आणि मागून येणारा ट्रक त्यात ट्रकसारखा दिसू लागला. 27 न्यूटन मीटर टॉर्क अवघ्या 4000 ला पूर्ण हजर. शिवाय क्रँक जड. जात्याची वरची तळी एकदा फिरायला लागली की हात ढिला पडला तरी फिरत राहते, तसं हे इंजिन चढावर थ्रॉटल किंचित कमी झाला तरी ओढत राहतं. तिसऱ्यात घाट चढताना क्लासिकवर मी गिअरला हात लावत नाही म्हटलं तरी चालेल.

पण क्लासिक आरामात चालते म्हणून तिच्या पिस्टनलाही आराम असतो, हा गैरसमज फार पसरलाय, आणि तो इंजिनाच्या जिवावर बेततो. हिशेब सोपा आहे. क्रँकच्या एका फेरीत पिस्टन स्ट्रोकच्या दुप्पट अंतर कापतो. क्लासिकची पूर्ण ताकद 6100 ला मिळते, तेव्हा 85.8 च्या स्ट्रोकने पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेसतरा मीटरच्या जवळ जातो. ड्यूकचा 8500 ला 18.1 मीटर. स्पीडचा 8000 ला 17.1. म्हणजे पूर्ण ताकदीला क्लासिकचा पिस्टन स्पीडच्या पिस्टनपेक्षा किंचित जोरातच पळत असतो! बाहेर आवाज संथ, फेऱ्या कमी, पण आत सिलिंडरची भिंत तेवढीच घासली जाते, आणि ती थंड ठेवायला पाणी नाही. हवा आणि तेल, बस्स. म्हणून हायवेला क्लासिकवर तासन् तास थ्रॉटल पिळून ठेवू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. ऐंशी-नव्वदला ती दिवसभर चालेल.

हँडलिंगविषयी बोलायचं तर आधी टायरवर हात फिरवावा लागतो. पुणे-सातारा सरळ हायवेवर चाललेल्या गाडीचा मागचा टायर मधोमध सपाट होतो. तळवा आडवा फिरवला की गोलाई संपून जिथे सपाट पट्टा सुरू होतो, ती कडा बोटाला लागते. अशी गाडी वळणाला आधी झुकायला का-कू करते आणि त्या कडेवरून पलीकडे गेली की एकदम पडल्यासारखी झुकते. मालक म्हणतो, चेसी वाकलीय. चेसी ठणठणीत असते. तसंच कोनसेटचं, म्हणजे हँडलच्या बेअरिंगचं: पुढचं चाक उचलून हँडल दोन बोटांनी डावीकडे-उजवीकडे सोडायचं, मधोमध खाच लागल्यासारखं अडलं, की बेअरिंगच्या वाटीत खड्डे पडलेत असं समजावं. या दोन गोष्टी आणि टायरमधली हवा जागेवर असल्याशिवाय अमकी गाडी वळणाला चांगली आणि तमकी वाईट असं मी तरी म्हणत नाही.

मग खरा फरक दिसतो. क्लासिकचं वजन 195 किलो, पुढचं चाक 19 इंचांचं, व्हीलबेस 1390 मिलिमीटर. स्पीड 176 किलो, 1377. ड्यूक 170 च्या आत, 1357. दोघींची चाकं 17 इंची. पावसाळ्यात यवतेश्वरच्या वळणांच्या आतल्या अंगाला डोंगरावरून खडी वाहून येते. वळणाच्या तोंडाशी क्लासिकला वाट आधीच सांगावी लागते. एकदा सांगितली की ती सोडत नाही. मोठं चाक खड्ड्यात उतरण्याऐवजी बरेचदा वरून निघून जातं. मधेच खडी दिसली आणि वाट बदलायची म्हटली, की मात्र खांदे वापरावे लागतात. ड्यूकवर नजर फिरवली की गाडी फिरली. खडी दिसते, डावीकडे दोन हात मोकळं डांबर दिसतं, आणि आपण विचार पूर्ण करायच्या आत त्यावर असतो. तिच्या पुढच्या शॉकअपला क्लिक फिरवून कडक-मऊ करता येतं. आपल्या रस्त्यांसाठी मी ते मऊकडे नेऊन ठेवतो. स्पीड या दोघींच्या मधे बसते. रुंद हँडल, ना उतावीळ ना हट्टी. नवशिक्याला घाटात एकट्याने पाठवायचं झालं तर मी तिच्यावर पाठवीन.

बीएमडब्ल्यूच्या जी 310 आरमध्ये आणि टीव्हीएसच्या 310 मध्ये हँडलिंगसाठी एक वेगळीच युक्ती आहे. टीव्हीएसची होसूरला बनते; बीएमडब्ल्यूचीही तिथेच बनायची. त्यांचं इंजिन उलटं बसवलंय: हवा पुढून आत येते आणि सायलेन्सरचा पाइप हेडच्या मागून निघतो. सिलिंडर मागे कललेला असल्यामुळे इंजिन पुढे सरकवता येतं, मागे चिमटा (स्विंगआर्म) लांब ठेवता येतो आणि व्हीलबेस मात्र वाढत नाही. चिमटा लांब असला की खड्ड्यात मागचं चाक कमी उड्या मारतं. टाकी उतरवून हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चहा थंड होऊ दिला होता.

आता रूप. स्पीड 400 च्या इंजिनावर ज्या पट्ट्या दिसतात, तशाच पट्ट्या क्लासिकवरही आहेत. क्लासिकच्या पट्ट्या काम करतात. हवा त्यांच्यातूनच उष्णता नेते, आणि त्यांत चिखल भरला की इंजिन तापतं. स्पीडला पुढे रेडिएटर आहे. तिच्या पट्ट्या जुन्या ट्रायम्फची ओळख ठेवण्यासाठी आहेत. मला यात फसवणूक वाटत नाही, पण मनाने कौल क्लासिकला मिळतो. तिच्या हेडलाइटवरचं ते टोपडं, बाजूचे दोन छोटे पायलट दिवे, हे 1954 पासून चालत आलंय आणि अजूनही डोळ्यांना जुनं वाटत नाही. केटीएमचं रूप ऑस्ट्रियातल्या किस्का या डिझाइन कंपनीचं. सगळं धारदार, सगळं पुढे झुकलेलं, गाडी उभी असली तरी निघाल्यासारखी. त्यातलं धाडस मला पटतं. बाहेर काढलेली जाळीदार चेसी लपवण्याऐवजी रंगवून मिरवायची, हे इंजिनावर प्रेम असणाऱ्या माणसालाच सुचेल.

जिथे मला भांडावंसं वाटतं, ती जागा बहुतेक नव्या नेकेड गाड्यांची एक आहे: मागचा एक तृतीयांश भाग. शेपूट वर उचललेलं, सीट दोन वितीची आणि चालवणाऱ्याच्या खांद्याला लागेल अशा उंचीवर, धरायला हाताशी धड काही नाही. आमच्याकडे गाडी पोराच्या नावावर असली तरी तिच्यावर त्याची आई बाजाराला जाते, साडी नेसून, एका अंगाने बसून, मांडीवर पिशवी घेऊन. ब्रेक लागला की ती घसरते आणि मुलाच्या शर्टाला धरते. सहा इंच लांब आणि चार इंच खाली सीट, आणि बाजूला एक मजबूत दांडी, एवढ्याने गाडीचं रूप बिघडतं असं ज्याला वाटतं त्याने अजून तेवढं रूप घडवायचं बाकी ठेवलंय. क्लासिकवर ही सीट आहे. ड्यूक घ्यायला आलेल्या पोराला मी आधी विचारतो, घरात मागे कोण बसणार, आणि शोरूमला जाताना त्या माणसाला सोबत न्यायला सांगतो.