वीरच्या कुंडीला देशावरचं खत

गणपतीला वीर स्टेशनावर उतरणाऱ्या चाकरमान्यांच्या हातात पिशव्यांबरोबर एखादं नर्सरीतलं रोपही असतं. कळ्यांनी लगडलेलं, सोबत खताची पुडी आणि शहरातून ऐकून आणलेला सल्ला. रोप अंगणात रुजतं. सल्ल्याचं मात्र या मातीशी जमत नाही.

महाड-पोलादपूरकडची माती जांभ्याची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस तिच्यातला चुना नि पालाश धुऊन नेतो, मागे लोह आणि ॲल्युमिनियम राहतं. माती त्यामुळे लाल आणि आम्ल. देशावरच्या काळ्या मातीत चुनखडी जास्त; तिथे लोह असूनही मुळांना मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. म्हणून तिकडचे बागप्रेमी फेरस सल्फेट सुचवतात. वीरच्या लाल कुंडीत लोह घालणं म्हणजे समुद्राला मीठ विकणं! इथे अडतं ते स्फुरद. लोह आणि ॲल्युमिनियम त्याला असं धरून ठेवतात, की डीएपीचे दाणे वरवर भुरभुरून मुळांच्या वाट्याला फारसं काही येत नाही. कुजलेल्या शेणखतात कालवून मुळांजवळ दिलं तर बरंच कामी येतं.

हाडांच्या चुऱ्याचं गणित तर अगदी उलटं. चुनखडीच्या काळ्या मातीत तो विरघळायचं नाव घेत नाही. आम्ल मातीत हळूहळू विरघळतो आणि कळी धरण्याच्या वेळी झाडाला स्फुरद पुरवतो. खताच्या दुकानात त्याला फारसा मान नाही, पण कोकणातल्या कुंडीसाठी डीएपीच्या आधी त्याचा विचार व्हावा.

दुसरी गोष्ट युरियाची. भाताला आणलेल्या पोत्यात थोडा उरतोच, आणि तो हमखास जास्वंदीच्या बुंध्यात जातो. आठ-दहा दिवसांत पानं काळपट हिरवी, हाताएवढी होतात, फांद्या लांबतात, फूल मात्र नाही. झाड माजलं, असं म्हणतात ते हेच. भाताच्या खाचरात चार चुडांच्या मधोमध खोचतात त्या युरिया-डीएपीच्या ब्रिकेटही कुंडीत टाकायचा मोह होतो. त्यांच्यात नत्र भरपूर, स्फुरदही आहे, पण पालाश नाही. आणि पावसात धुऊन गेलेला पालाश फुलांना तर हवाच. त्यापेक्षा आरसीएफचं सुफला 15:15:15 बरं. बारा इंची कुंडीला महिन्यातून एक चहाचा चमचा, कडेच्या ओल्या मातीत मिसळून. त्याहून जास्त घातलं तर कुंडीच्या काठावर पांढरी पुटं चढतात. ते क्षार असतात, आणि पानांच्या कडा करपल्या की समजावं, मुळंही भाजली.

आषाढात मात्र खताला हातच लावू नये. ऑइलपेंटच्या जुन्या डब्यात लावलेली सदाफुली पागोळीखाली ठेवली, तर खिळ्याने पाडलेल्या भोकातून दिवसभर लालसर पाणी गळत राहतं. नत्र त्यातूनच जातं. सुफला घाला की सोनं घाला, पायरीवरून वाहून ते परसातल्या अळवाला मिळणार.

चुलीतली राख? पालाश तिच्यात आहे, आम्लपणाही थोडा उतरवते, त्यामुळे झेंडूला, शेवंतीला चिमूट-दोन चिमूट मानवते. युरियात मिसळली, तर नत्राचा अमोनिया होऊन उडून जातो, वास नाकात जातो तो वेगळा. आणि अनंताला राख नकोच. तो आम्ल मातीतच खूश. राखेने मातीचा आम्लपणा गेला, की पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडू लागतो. लाल मातीत राहूनही मग त्याला लोह कमी पडतं.

मोगऱ्याचं वेळापत्रक निराळं. थंडीत पाणी तोडायचं, पानं झडू द्यायची, मग छाटणी करून वरची चार बोटं माती काढून तिथे शेणखत आणि मूठभर हाडांचा चुरा भरायचा. नवी पालवी दिसली की पाणी सुरू, सुफलाचा चमचा त्यानंतर. उन्हाळ्यात कळ्या दिसू लागल्यावर नत्र थांबवायचं, नाहीतर मोगराही जास्वंदीसारखा माजतो आणि गजऱ्यासाठी महाडच्या बाजारात जावं लागतं.